तासगावचा बेदाणा आणि आमचं कोल्हापूर

दरवर्षी उन्हाळ्यात आमच्याकडे तासगावहून बेदाण्याचा डबा येतो. मावशी तिकडे दिलेली. सांगली ओलांडली की ऊस मागे पडत जातो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षाचे मांडव सुरू होतात. लहानपणी सुट्टीत तिकडे गेलो, की मावशीचे सासरे हटकून एकच प्रश्न विचारायचे, "काय रं, तुमच्या कोल्हापूरकरांनी आमचं गाव जाळल्यालं, शाळंत शिकवलं न्हाई काय?"

मला वाटायचं, आजोबा थट्टा करतात. शाळेत खरंच कुणी शिकवलं नव्हतं. आम्हाला पन्हाळा, पावनखिंड, ताराराणी आणि शाहू महाराज ठाऊक. तासगाव आमच्या इतिहासात कुठे नव्हतंच.

पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं, आजोबांचं म्हणणं खरं होतं.

तासगाव हे परशुरामभाऊ पटवर्धनांचं गाव. पटवर्धन पेशव्यांचे सरदार, आणि त्यांच्या जहागिरी करवीर राज्याच्या अगदी उशाशी. त्यामुळे दोघांत कायमचं वैर. आज एकाने दुसऱ्याची ठाणी घ्यायची, उद्या दुसऱ्याने याच्या गावांत जाळपोळ करायची. 1796 मध्ये पुण्यात पेशवाईच्या गादीवरून घोळ सुरू झाला. त्या राजकारणात परशुरामभाऊ अडकले, आणि ही संधी साधून करवीरकर तिसऱ्या शिवाजी महाराजांच्या फौजा पटवर्धनांच्या मुलखात शिरल्या. तासगाव लुटलं गेलं, भाऊंचा वाडा जळाला.

हिशेब तिथे मिटला नाही. सप्टेंबर 1799 मध्ये पट्टणकुडीच्या लढाईत परशुरामभाऊ पडले. ते कसे पडले याच्या दोन हकिकती आहेत. एका बाजूचे लोक म्हणतात, लढाईतल्या जखमांनी गेले. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, जखमी अवस्थेत महाराजांपुढे नेलं आणि तिथे तोडलं. कोणती हकिकत कुठल्या गावात सांगितली जाते, हे वेगळं सांगायला नको! मग पेशव्यांच्या आणि पटवर्धनांच्या फौजांनी 1800 साली कोल्हापूरला वेढा दिला. मार्चमध्ये नाना फडणवीस वारले, पुण्याचे वारे फिरले आणि वेढा उठला. म्हणजे तेव्हा जळायची पाळी आमच्या गावावर आली होती, ती थोडक्यात टळली.

यातलं मला सर्वांत चटका लावणारं साल 1799. तासगावचं गणपतीचं मंदिर भाऊंनी 1779 च्या सुमारास बांधायला घेतलं होतं. कर्नाटकातल्या मोहिमांत पाहिलेली गोपुरं त्यांच्या मनात भरली असावीत, कारण या देवळापुढे सात मजली गोपूर आहे. आपल्या भागात असं गोपूर म्हणजे अपूर्वाईच. वीस वर्षं चाललेलं हे काम 1799 मध्ये मुलाच्या हातून पुरं झालं. त्याच वर्षी बाप लढाईत गेला.

पुढे 1848 साली वारस नाही म्हणून इंग्रजांनी तासगावची जहागीर खालसा केली. वाडा जळालेला, धनी गेलेला. अशी कितीतरी गावं नंतर नुसती ओसाड गढी सांभाळत बसली. तासगाव बसलं नाही, कारण तिथे पेठ होती. युरोपात मोराव्हियासारख्या द्राक्षाच्या मुलखात राजाने बाजार भरवायचा हक्क दिला की गावाची पायरी वाढायची. आपल्याकडेही कौल देऊन व्यापारी आणायचे आणि पेठ वसवायची, अशी रीत होतीच. पण एकदा बाजाराची सवय लागली, की राजा गेला तरी शेतकरी आणि व्यापारी यायचे थांबत नाहीत.

मोराव्हियाच्या गावांत द्राक्षाची वाइन होते आणि ती तळघरात मुरते. इकडेही 2001 च्या सरकारी धोरणानंतर शेजारच्या पलूसला वाइन पार्क आलं, पण नाशिकसारखं ते रुजलं नाही. तासगावनं बेदाणा धरला. इथल्या बोरगावच्या बागेत थॉम्सनच्या वेलीतून निवडलेल्या वाणाचं नावच 'तास-ए-गणेश'. एकाच नावात गावही आलं आणि देवही आला.

बेदाण्याचं गणित सोपं आहे आणि जीवघेणंही आहे. घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायचे, शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत पसरायचे. दोनेक आठवड्यांत साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. ताजी द्राक्षं व्यापाऱ्याने मागितली तशी द्यावी लागतात, थांबता येत नाही. बेदाणा मात्र कोल्ड स्टोरेजला ठेवून दिवाळीच्या भावाची वाट बघता येते. पण हे सगळं आभाळाने साथ दिली तर. छाटणीनंतर पाऊस लांबला की दावण्या येतो, आणि ऐन हंगामात अवकाळी आला की एका रात्रीत मणी तडकतात. कर्ज मात्र तडकत नाही.

शेवटचं गेलो तेव्हा ऋषिपंचमी होती. तासगावचा गणपती दीड दिवसाचा, त्या दिवशी रथ निघतो. रथाला ना बैल ना इंजिन, दोर धरून माणसंच ओढतात. मीही दोराला हात लावला. शेजारच्या माणसाने विचारलं, "पाव्हणं कुठलं?" म्हटलं, "कोल्हापूरचा." तो हसला आणि म्हणाला, "मग जरा जोर लावा की!"

मला एकदम आजोबा आठवले. त्यांच्या प्रश्नाला मी कधी उत्तर दिलं नाही, आता ते ऐकायला नाहीत. आपलं गाव कुणी जाळायला आलं होतं ते आपण पिढ्यान् पिढ्या लक्षात ठेवतो. आपण कुणाचं गाव जाळलं ते मात्र दुसऱ्या गावच्या म्हाताऱ्याने सांगावं लागतं.

असो. यंदाचा डबा आला आहे. बेदाणा गोड आहे.