सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय, कणेरी

कोल्हापूर जिल्ह्याच्या करवीर तालुक्यातील खुले संग्रहालय. कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस सुमारे १२ किमी.वर, पुणे–बंगळूर महामार्गावरून थोडे आत, कणेरी गावच्या काडसिद्धेश्वर मठाच्या परिसरात ते आहे. लोकांच्या तोंडी मात्र ‘कणेरी मठ’ एवढेच नाव. मुंबईच्या कान्हेरी लेण्यांशी त्याचा संबंध नाही.

मठाची परंपरा मूळची लिंगायत. २६वे मठाधिपती मुप्पिन काडसिद्धेश्वर महाराज (१९०५–२००१) हे सिद्धरामेश्वर महाराजांचे शिष्य होते. त्यांच्यानंतर गादीवर आलेले अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामी यांच्या कल्पनेतून, गांधीजींच्या स्वयंपूर्ण गावाचा विचार समोर ठेवून हे संग्रहालय उभे राहिले. सात-आठ एकरांच्या आवारात गावच्या जीवनाचे ऐंशीच्या आसपास देखावे आणि तीनशेच्या घरात पुतळे आहेत. पर्यटक त्यांना सर्रास ‘मेणाचे पुतळे’ म्हणतात. पण ते सिमेंटचे आहेत. कोल्हापूरच्या चैत्र-वैशाखात उघड्यावरचे मेण आठवडाभरही टिकले नसते. माणसे आणि जनावरे पूर्णाकृती आहेत. ताणलेले स्नायू, सुरकुत्या, लुगड्यांच्या चुण्या यांवर कारागिरांनी मनापासून मेहनत घेतलेली दिसते. गावाखेरीज प्राचीन ऋषी व शास्त्रकारांचा एक वेगळा विभागही येथे आहे. मात्र पाहणारा रमतो तो गावातच.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वस्तू मुख्य असतात: दिवे, अडकित्ते, दरवाजे. गोव्यात बाणावलीच्या ‘गोवा चित्र’मध्ये व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी शेतीची आणि घरगुती जुनी अवजारे गोळा केली; तेथेही वस्तूच बोलतात. कणेरीत मुख्य आहे ते काम. लोहाराची ऐरण येथे कपाटात ठेवलेली नाही, तिच्यावर घण उगारलेला आहे. कुंभाराचे चाक, न्हाव्याची धोपटी, वैद्याची नाडीपरीक्षा, तालमीतले पैलवान, विहिरीवरच्या बाया, सारे काही काम चालू असतानाच थांबवलेले. वस्तूचे जुनेपण शोधणाऱ्याला येथे फारसे मिळणार नाही. अवजार हातात कसे धरतात आणि अंगाचा भार कुठे पडतो, हे पाहायचे असेल तर मात्र याहून सोयीची जागा क्वचितच सापडेल.

बैलांनी विहिरीचे पाणी ओढायच्या मोटेचेच पाहा. विहिरीच्या काठावरचे चाक, त्यावरून जाणारा जाड नाडा, मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर, पाणी ओतले जाते ते थारोळे आणि बैल उतरतात ती धाव. बैल उतारावरून खाली जातात, कारण त्यांचे स्वतःचे वजनही ओढीला लागते; मोट वर आली की सोंदूर सोंडेला थारोळ्याकडे खेचतो आणि माणसाचा हात न लागता पाणी ओतले जाते. मग बैलांना मागे सरकवत पुन्हा वर आणायचे. डिझेलची इंजिने आणि विजेचे पंप आल्यावर ही रचना मळ्यांतून गेली. आज ज्यांना मोट हा शब्द फक्त गाण्यांतून माहीत आहे, त्यांना ती समजावून सांगायला दोन पाने लिहावी लागतात. देखाव्यासमोर दोन मिनिटे उभे राहिले की काम होते.

बलुतेदारांचे देखावे या गावाचा कणा आहेत. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट यांनी वर्षभर शेतकऱ्याची कामे करायची आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा, अशी ही व्यवस्था; बारा बलुतेदारांची यादी गावागणिक थोडी बदलते. संग्रहालय ती सुखी, परस्परपूरक म्हणून मांडते. हे अर्धेच चित्र आहे. महसूल खात्यात नोकरी केलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५च्या ‘गावगाडा’त याच व्यवस्थेची रडकथाही लिहून ठेवली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतन रद्द केले, ते महारांना पिढीजात वेठीतून सोडवण्यासाठी. मुंबई राज्यात गावकीची कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले. गावाला आदर्श मानण्यावर डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी कडक टीका केली होती. सिमेंटच्या या गावात कौशल्य भरपूर दिसते. कोणाला किती पायल्या धान्य मिळाले आणि गावकुसाबाहेर कोण राहिले, हे ज्याचे त्याने ठाऊक करून यावे.

शेजारी गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आहे. कोल्हापूरच्या फौंड्र्या देशभर माहीत आहेत. लोखंडाचे काम या मुलखातून गेले नाही, भात्याजवळून भट्टीजवळ गेले इतकेच.

शाळांच्या सहलींमुळे हिवाळ्यात येथे मोठी गर्दी होते. सावली सगळीकडे नसल्याने उन्हाळ्यात सकाळी लवकर जावे. घाई न करता सर्व देखावे पाहायला दोन-तीन तास लागतात, आणि बरोबर घरातले आजी-आजोबा असतील तर त्याहून जास्त. कोल्हापूरहून पुणे–बंगळूर महामार्गाने पुढे गेल्यास शाहू महाराजांचे जन्मघराणे असलेल्या घाटग्यांचे कागल लागते.