खेळाडूंची युनियन आणि जॉन माँटगोमेरी वॉर्ड

मालक म्हटला की आम्हां युनियनवाल्यांच्या डोळ्यांपुढे गिरणीचे धुराडे उभे राहते. पण अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानालाही मालक होते, आणि त्यांच्याशी झुंजलेले जॉन माँटगोमेरी वॉर्ड हे स्वतः नामांकित खेळाडू होते.

१८६० साली पेनसिल्व्हेनियात जन्मलेले वॉर्ड अठराव्या वर्षी प्रॉव्हिडन्स संघात चेंडू टाकू लागले. १८८० मध्ये एका सामन्यात त्यांनी प्रतिपक्षाच्या एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोहोचू दिले नाही. पुढे हात दुखावला, तेव्हा ते न्यूयॉर्क संघात शॉर्टस्टॉप झाले. म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारे. खेळता खेळताच १८८५ मध्ये त्यांनी कोलंबियाची कायद्याची पदवी घेतली. त्याच वर्षी सहकाऱ्यांसह खेळाडूंची ब्रदरहूड ही संघटना काढली.

भांडण होते ‘राखीव’ कलमाचे. १८७९ पासून मालकांनी आपापसांत ठरवले होते की, एकाने राखून ठेवलेल्या खेळाडूस दुसऱ्याने घ्यायचे नाही. मालक दहा दिवसांच्या नोटिशीने त्याला काढू शके. खेळाडूने मात्र बांधलेले राहायचे. आमच्याकडे बदली कामगाराला निदान दुसऱ्या गिरणीच्या दारात उभे राहता येई! त्यात १८८८ च्या अखेरीस, वॉर्ड जगाच्या दौऱ्यावर असताना, मालकांनी खेळाडूंच्या पाच प्रती पाडून पगाराची कमाल मर्यादा २५०० डॉलर ठरवली. प्रत ठरवताना वागणूकही पाहायची होती.

काही सभासद भर हंगामात संप करा म्हणत होते. वॉर्डनी तो नाकारला आणि १८९० मध्ये आठ संघांची स्वतंत्र ‘प्लेयर्स लीग’ उभी केली. कारभारात निम्मे प्रतिनिधी खेळाडूंचे, निम्मे पैसा घालणाऱ्यांचे. जुन्या मालकांनी वॉर्डवर मनाई हुकूम मागितला. न्यूयॉर्कच्या कोर्टाने तो दिला नाही. प्रेक्षकही नव्या लीगकडे अधिक वळले.

मग बिघडले कुठे? आमच्या मते त्या ‘निम्म्या’तच. तोटा दोन्ही बाजूंना होता. परंतु शिकागोचे मालक स्पाल्डिंग यांनी नव्या लीगच्या भांडवलदारांनाच गाठले. बोलणी सुरू झाली, तेव्हा वॉर्ड व त्यांचे सोबती यांना बैठकीत बसू दिले नाही. खेळाडू फुटले म्हणून नव्हे, तर भागीदारांनी सौदा केला म्हणून ती लीग एका हंगामातच संपली.

वॉर्ड जुन्याच लीगमध्ये परतले, १८९४ पर्यंत खेळले आणि नंतर वकिली केली. १९२५ मध्ये ते वारले. ते राखीव कलम मोडले १९७५ मध्ये, लवादापुढे. आणि तो दावा लढवला तो खेळाडूंच्या युनियनने.