सुपरमॅनचा पोशाख मोरपंखी का झाला?

१९७८च्या 'सुपरमॅन'मध्ये तंत्रज्ञांपुढे एक मजेशीर पेच होता. नटाला निळ्या पडद्यापुढे लटकवायचं, मग निळा रंग उडवून त्या जागी आकाश बसवायचं, ही रीत ठरलेली. आणि नायकाचा पोशाखच निळा! पडदा पुसायला जावं तर धडही पुसलं जाणार. म्हणून अशा दृश्यांपुरता पोशाख मोरपंखी छटेचा केला. काही ठिकाणी तो पडद्यावरही हिरवट राहिलाच.

मुळात दोन चित्रं एकात बसवण्याचा हा धंदा सुरू झाला तो रंगात रंग लपवूनच. काळ्या भागाचा फिल्मवर ठसा उमटत नाही, त्या कोऱ्या जागेत दुसऱ्यांदा चित्र घेता येतं. याच बळावर जॉर्ज मेलिएसने १८९८मध्ये स्वतःची मुंडकी टेबलावर मांडली. १९३३च्या 'द इन्व्हिजिबल मॅन'साठी जॉन फुल्टनने काळ्या मखमलीने मढवलेल्या सेटवर नटाला नखशिखान्त काळ्या मखमलीत गुंडाळलं आणि वरून शर्ट-विजार चढवली. मखमल मखमलीत विरली, कपडे तेवढे चालू लागले. आत गुदमरणाऱ्या नटासाठी कपड्यांआडून हवेची नळी सोडावी लागे. मुंबईत १९३७च्या 'ख्वाब की दुनिया'त बाबूभाई मिस्त्रींनी काळ्या दोऱ्याने वस्तू नाचवल्या आणि लोकांनी त्यांचं नावच 'काला धागा' ठेवलं.

माणूस लपवायला काळा रंग उत्तम, पण त्याला वेगळा काढायचा तर तोच रंग घात करतो. फ्रँक विल्यम्सने १९१८मध्ये काळ्या पार्श्वभूमीवरून आकृती कापून काढण्याचं पेटंट घेतलं खरं. पण अंगावर गडद सावली पडली की तिथे आकृतीला भोक पडायची भीती. रंगीत फिल्म आल्यावर लॅरी बटलरने 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये (१९४०) निळा पडदा वापरला. माणसाच्या कातडीत निळा सगळ्यात कमी, म्हणून तो. मात्र भुरभुरणारे केस, धूर, काच यांच्या कडेला निळी झालर राहायची.

ती झालर काढली पेट्रो व्लाहोसने, १९५९च्या 'बेन-हर'साठी. माझ्या मते या सगळ्या कुळातलं खरं डोकं हेच. निळा कुठे आहे हे त्याने शोधलंच नाही. निळा हिरव्यापेक्षा किती जास्त आहे, एवढंच पाहिलं. पांढऱ्यात, करड्यात दोन्ही सारखे असतात, म्हणून धूर आणि काच सुखरूप. कातडीत निळा कमीच. जिथे निळा वरचढ, तिथे तेवढाच जादा भाग पडद्याचा समजून वजा करायचा. म्हणजे केसाची अर्धवट पारदर्शक बटसुद्धा अर्धवट पारदर्शकच निघते. जांभळा तेवढा या हिशेबात मार खातो, निळा गमावून लालसर होतो. सुपरमॅनचा मोरपंखी इथेच कळतो: त्यात निळ्याच्या जोडीला भरपूर हिरवा आहे, त्यामुळे वजा करायला फारसं काही उरत नाही.

'मेरी पॉपिन्स'मध्ये (१९६४) व्लाहोस, अब आयवर्क्स आणि मंडळींनी आणखी चलाख वाट वापरली. पडद्यावर सोडियम दिव्यांचा पिवळा उजेड टाकला. हा उजेड जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास. कॅमेऱ्यातला प्रिझम तेवढाच उजेड वेगळा काढून दुसऱ्या, कृष्णधवल फिल्मवर पाठवी; नटाची आकृती कापून काढायचा मुखवटा (मॅट) तोच. कापडाचा पिवळा हा अनेक तरंगलांबींचा मिळून बनतो, त्यामुळे पिवळा टाय घातला तरी नट शाबूत. जाळीदार ओढणीसुद्धा धाग्यासकट निघे. या कामाला ऑस्कर मिळालं. पण असा प्रिझम आणि त्याचा अवजड कॅमेरा कोणालाही सहज मिळणारा नव्हता, आणि निळ्या पडद्याला साधा कॅमेरा पुरे. हिशेब उघड होता.

डिजिटल कॅमेऱ्यांनी हिरव्याला पुढे आणलं, कारण बहुतेक सेन्सरांत हिरव्याचे टिपके लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात. पेच मात्र जुनाच राहिला. २००२च्या 'स्पायडर-मॅन'मध्ये लाल-निळ्या नायकाला हिरव्या पडद्यापुढे उभं केलं आणि हिरव्या खलनायकाला, गॉब्लिनला, निळ्या.