कापसासाठी नदी, माणसासाठी खाट

सिरोंचाला मी पहिल्यांदा गेलो तो जुन्या कागदांचा माग काढत. १८६० साली निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचा मुलूख इंग्रजांना दिला. नदीवरच्या मालाला जकात नसावी, हेही त्याच तहात ठरले. या आडरानातल्या नदीची एवढी काळजी कशाला? कापसासाठी! वऱ्हाड-नागपूरचा कापूस प्राणहिता-गोदावरीतून नावांनी समुद्रापर्यंत न्यायचा, ही सर आर्थर कॉटन यांची कल्पना. वाटेत दुम्मागुडम, एंचमपल्ली आणि देवलमारी इथे खडक आडवे आलेले. ते चुकवायला बंधारे नि कालवे. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनीही ती उचलून धरली. पण १८६७मध्ये आगगाडी नागपूरला पोचली आणि १८७१मध्ये नदीचे काम गुंडाळले गेले. मला वाचायला मिळालेल्या कागदांत खडकांची मोजमापे आहेत, गाठींचे हिशेब आहेत. काठावरचा माडिया गोंड प्रवासी म्हणून कुठेच नाही.

पुढेही फारसे बदलले नाही. आलापल्लीचे सागवान बाहेर काढायला जंगलात वाटा झाल्या, त्या लाकडाच्या सोयीने. १९८२मध्ये चांद्यातून वेगळा काढलेला गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा. त्याच्या वाट्याला दीर्घकाळ एकच रेल्वे स्थानक होते, उत्तर टोकाचे वडसा. सिरोंचाच्या माणसाला त्याचा काय उपयोग?

मग सेवा आली ती रस्त्याची वाट न पाहता. १९७३च्या डिसेंबरात हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथवर रोगी चालत येत. चालवत नसेल त्याला खाटेची कावड करून आणत. जिल्ह्याच्या दुसऱ्या भागात डॉ. अभय आणि राणी बंग यांनी प्रश्नच उलटा केला: बाळ दवाखान्यात पोचत नाही, तर दवाखाना बाळाकडे का जाऊ नये? ३९ गावांत, गावातल्याच बायांना शिकवून, नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापले. ‘आशा’ताई आज देशभर घरी जाऊन बाळ बघतात, त्यामागे हे काम आहे.

मला याचा अभिमान वाटतो, पण एक खटकतेही. घरच्या काळजीचे यश दाखवून ‘मग रस्ता कशाला’ असे म्हणणारे मी ऐकले आहेत. आडव्या मुलाची बाळंतीण घरी सुटत नाही. तिला शस्त्रक्रिया लागते, रक्त लागते, आणि ते गावात येत नाही.

आता सूरजागडचे लोहखनिज ट्रकांनी बाहेर जाते. भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा एकत्र येतात. एका श्रावणात पर्लकोटेचा ठेंगणा पूल बुडाला होता, मी हेमलकसाच्या तीरावर अडकलो होतो. पलीकडे चौघांनी खांद्यावरची खाट खाली ठेवली, तिच्यावर कांबळे पांघरले आणि पाण्याकडे बघत बसले. मी अंधार पडेपर्यंत थांबलो. पाणी उतरले नाही.