आल्स्तच्या गबाळ्या जनेट



आज जरा लांबच्या गावाला जाऊ. युरोपात बेल्जियम नावाचा छोटा देश आहे. त्याच्या उत्तरेच्या भागाला फ्लँडर्स म्हणतात. तिथे डेंडर नदीच्या काठी आल्स्त हे गाव आहे. एकेकाळी आजूबाजूच्या मळ्यांत कांदा पिकायचा, म्हणून आल्स्तच्या लोकांना शेजारचे चिडवून ‘कांदे’ म्हणत. त्यांनी ते नावच अभिमानाने लावून घेतलं. नाशिककडच्या मैत्रिणींना हे गाव लगेच आपलं वाटेल!

ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवास असतो. तो सुरू होण्याआधीचे रविवार, सोमवार आणि मंगळवार हे तीन दिवस आल्स्तमध्ये कार्निव्हल चालतो. गोव्यातलं ‘इंत्रुज’ याच दिवसांत येतं, कारण दोन्हींची मुळं त्या उपवासातच आहेत. रीत फार जुनी, पण नगरपालिकेने पहिली मिरवणूक काढली ती 1923 साली. महापौर गावाच्या किल्ल्या ‘कार्निव्हलच्या राजकुमारा’च्या हाती देतो. मग मंत्री, पाद्री, पोलीस, शेजारचं गाव, कोणाचीही खिल्ली उडवायची मुभा. सोमवारी चौकात झाडू घेऊन नाचतात आणि थंडीची भुतं हाकलतात.

आम्हाला मात्र बोलायचंय ते मंगळवारबद्दल. त्या दिवशी पुरुष बायकांचे कपडे घालून निघतात. त्यांना म्हणतात ‘व्हॉइल जनेटन’, म्हणजे गबाळ्या जनेट. अंगात घट्ट कापडी चोळी, वर जुना केसाळ कोट, डोक्यावर दिव्याची झडप, हातात मोडकी छत्री, पुढे बाळाची ढकलगाडी, आणि पक्ष्याच्या पिंजऱ्यात चक्क एक सुकी मासळी.

हे सोंग आलं कुठून? आल्स्त हे गिरण्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकात तिथे बायका आणि पोरं पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत. बारा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आली ती 1889 च्या कायद्याने. याच गावचे पाद्री आडोल्फ डान्स मजुरांच्या बाजूने उभे राहिले आणि 1894 मध्ये संसदेवर निवडून गेले. श्रीमंत लोक कार्निव्हलला भारी पोशाख भाड्याने आणत. मजुराकडे पैसे कुठले? तो बायकोचे जुनेर अंगावर चढवायचा, घरातली मोडकी वस्तू उचलायचा आणि बाहेर पडायचा. गावात हीच गोष्ट सांगतात.

आपल्या कोकणात नमन-खेळ्यांत गौळणी पुरुषच होतात, तेव्हा सोंगाचं आपल्याला नवल नाही. पण जरा त्या वस्तू बघा. ढकलगाडी, फाटकी छत्री, जुना कोट: हा तर गिरणीतल्या बाईचा सगळा संसार. मिरवणुकीत तिचे कपडे निघाले, हशा तिच्या कपड्यांवर झाला. आम्हाला ते हसू येतं आणि टोचतंही. तरी त्यात एक खरेपणा होता. ती गरिबी हसणाऱ्याच्या स्वतःच्या घरातली होती, आणि ती तो मालकाच्या डोळ्यांसमोर नाचवत होता.

2010 साली युनेस्कोने या उत्सवाला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. मग 2019 ची मिरवणूक आली. एका रथावर ज्यू माणसांचे मोठ्या नाकाचे पुतळे होते, भोवती सोन्याची नाणी आणि उंदीर. दुसऱ्या महायुद्धात याच फ्लँडर्समधल्या मेखेलेन गावातून 25 हजारांहून जास्त ज्यूंना आगगाड्यांत भरून छळछावण्यांकडे पाठवलं होतं, बहुतेक परतले नाहीत. अशी चित्रं तेव्हाही छापली जात. जगभरातून निषेध झाला. गावाने म्हटलं, आम्ही सगळ्यांनाच हसतो. आम्हाला हे पटत नाही. मालकाला हसणं वेगळं, आणि ज्यांची घरंच्या घरं मारली गेली त्यांना हसणं वेगळं. डिसेंबर 2019 मध्ये युनेस्कोने आल्स्तचं नाव यादीतून काढलं. त्याआधीच गावाने आपणहून यादीतून बाहेर पडायचं ठरवलं होतं.

कार्निव्हल बंद पडला नाही. 2020 च्या मिरवणुकीत ज्यूंची टर उडवणारे वेष पुन्हा दिसले आणि पुन्हा वाद झाला. मंगळवारी रात्री चौकात कार्निव्हलचा पुतळा जाळतात, आपल्या होळीसारखा. आणि पुतळा जळताना लोक ओरडत असतात, अजून एक रात्र द्या!