कुलूप, किल्ली आणि खंडणी

दरोडेखोर धनिकास पळवून नेत आणि खंडणी पोंचल्यावर सोडून देत, ही कथा जुनी आहे. संगणकाच्या युगांत माणसाऐवजीं त्याचीं कागदपत्रें ओलीस धरण्याची विद्या निघाली. तिलाच रॅन्समवेअर म्हणतात. पाहूं गेल्यास तिचा इतिहास म्हणजे एका किल्लीचा प्रवास आहे.

१९८९ च्या डिसेंबरांत लंडनहून सुमारें २०,००० फ्लॉपी तबकड्या टपालानें अनेक देशांत गेल्या. त्यांत एड्स रोगाची माहिती आहे, असें वरील चिठ्ठी सांगे. तबकडी वापरल्यावर संगणक प्रथम निमूटपणें चाले. परंतु तो सुमारें ९० वेळां सुरू झाला कीं फायलींचीं नांवें सांकेतिक लिपींत बदलून जात, आणि १८९ डॉलर पनामा येथील टपालपेटीकडे पाठविण्याचा हुकूम पडद्यावर उमटे. या प्रकरणीं जोसेफ पॉप या अमेरिकन जीवशास्त्रज्ञास अटक झाली. मात्र मनःस्थिति ठीक नसल्यामुळें त्याच्यावर ब्रिटनमध्यें खटला चालूं शकला नाहीं. त्याच्या कुलपांत मोठी उणीव होती. किल्ली कुलपाच्या आंतच राहिली होती! जाणकारांनीं ती हुडकून काढली व फायली सोडविणारा उतारा फुकट वाटला.

१९९६ सालीं ॲडम यंग व मोती युंग या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, लावण्याची किल्ली एक व उघडण्याची दुसरी असेल, तर ही दुसरी केवळ चोराच्याच खिशांत राहील. २०१३ च्या क्रिप्टोलॉकरनें तें भाकित खरें केलें. नांव न सांगतां पैसे घेण्याची सोय तोंवर बिटकॉइननें करून ठेवलीच होती.

१२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय सुमारें १५० देशांत पसरला. इंग्लंडांतील रुग्णालयांत हजारों रुग्णांच्या नेमलेल्या भेटी रद्द झाल्या. ज्या छिद्रांतून तो शिरला, तें बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिली होती; अनेकांनीं ती करून घेतली नव्हती, इतकेंच. पुढच्याच महिन्यांत नॉटपेट्यानें जगभर थैमान घातलें. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका धक्क्याचें काम त्यामुळें विस्कळित झालें. येथें खंडणी मागितली होती खरी, परंतु उघडणारी किल्ली मुळीं कोणाजवळच नव्हती. पैसे भरूनहि कांहीं परत मिळणें शक्य नव्हतें.

घरचे हिशेब असोत वा मुलांचीं छायाचित्रें असोत, चोराच्या शब्दावर तीं सोडणें शहाणपणाचें नव्हे. वेळच्या वेळीं केलेली दुरुस्ती आणि संगणकापासून निराळी काढून ठेवलेली एक प्रत, ही ज्याच्या घरीं आहे, त्यास चोराच्या किल्लीची गरजच उरत नाहीं.