कोकण किनारा

कोकण किनारा हा महाराष्ट्राच्या पश्चिमेस, पालघर जिल्ह्यापासून गोव्याच्या सीमेवरील तेरेखोल खाडीपर्यंत सुमारे ७२० किमी. पसरलेला अरबी समुद्राचा किनारा असून, कठीण खडक, समुद्रपातळीतील चढउतार आणि मोसमी लाटा यांच्या एकत्रित कार्यातून तो घडला आहे. शालेय पुस्तके त्याला निमज्जित, म्हणजे पाण्याखाली गेलेला किनारा म्हणून मोकळी होतात. हे वर्णन खोटे नसले तरी अपुरे आहे.

किनाऱ्याचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्हाच्या बेसाल्ट थरांचा आहे. त्यानंतर, भूशास्त्रीय मापाने थोड्याच काळात, सेशेल्सचा भूखंड भारतापासून तुटून दूर सरकला व पश्चिमेकडील भूकवच ताणले जाऊन खचले. घाटमाथ्यावर जवळजवळ आडवे असलेले लाव्हाथर पनवेलच्या परिसरात समुद्राकडे कललेले आढळतात, ते याच घडामोडीमुळे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मात्र बेसाल्ट मागे पडतो आणि ग्रॅनाइट, नाइस व क्वार्टझाइट असे त्याहून कितीतरी जुने खडक वर येतात, त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याकडील पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, पांढुरक्या आहेत, तर बेसाल्टच्या झिजेतून आलेल्या इल्मेनाइट या जड खनिजाने रत्नागिरीजवळच्या काळबादेवी, मिऱ्या येथील वाळू काळसर दिसते.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मी. खाली होती आणि सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांनी त्या पातळीला अनुसरून आपली पात्रे खोल कोरली. पुढे हिम वितळून समुद्र वर चढला, तेव्हा या दऱ्यांची तोंडे बुडाली आणि धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग यांसारख्या खाड्या बनल्या. अशा बुडीत नदीमुखांच्या किनाऱ्याला भूगोलात ‘रिया’ किनारा म्हणतात. वाशिष्ठी नदीत भरतीचे पाणी चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढते, म्हणूनच समुद्रापासून इतक्या आत बंदर चालू शकले. मुंबईत प्रिन्सेस डॉकच्या खोदकामात एकोणिसाव्या शतकात मुळांसह उभे असलेले वृक्षांचे बुंधे भरतीच्या पातळीखाली सापडले. किनारा बुडाल्याचा याहून थेट पुरावा क्वचितच मिळेल.

याच्या उलट खुणाही याच किनाऱ्यावर आहेत. रायगड जिल्ह्यात वाळू व शिंपल्यांचे तुकडे चुन्याने सांधले जाऊन बनलेला ‘करळ’ नावाचा खडक काही ठिकाणी आजच्या भरतीरेषेच्या वर आढळतो, आणि समुद्र एकेकाळी किंचित उंच होता याची ती निशाणी मानली जाते. हरिहरेश्वर येथे लाटांनी कड्याचा पायथा कापून तरंगघर्षित मंच, म्हणजे सपाट खडकाळ ओटा, तयार केला असून मिठाच्या स्फटिकीभवनाने कड्याला मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे पडली आहेत. देवस्थानाची प्रदक्षिणावाट याच मंचावरून जात असल्याने ती ओहोटीतच चालता येते. रत्नागिरीच्या परिसरात जांभ्याने मढलेले सडे, म्हणजे सपाट पठारे, थेट समुद्रात कड्यांनी तुटतात, आणि दोन भूशिरांमधल्या आखातात तेवढी पुळण साचते.

भरतीचा जोर उत्तरेकडे अधिक आहे. मुंबईस उधाणाच्या भरती-ओहोटीतील अंतर साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते, तर मालवणकडे ते साधारण निम्म्यावर येते. त्यामुळे पालघर-ठाण्याकडे रुंद चिखलपट्टे, खाजणे व कांदळवने आढळतात. आखूड नद्यांचा गाळ खाड्यांतच अडकतो वा भरतीच्या प्रवाहाने पसरतो, त्यामुळे गोदावरीसारखा त्रिभुज प्रदेश येथे एकाही नदीला साधलेला नाही.

जून ते सप्टेंबरमधील नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि हिवाळ्यातील सौम्य लाटा तिचा बराच भाग परत आणतात. किनाऱ्याला समांतर वाहणारी वाळू खाडीच्या तोंडाशी साचून वाळूचा दांडा बनतो. तारकर्लीजवळचे देवबाग हे कर्ली नदी व समुद्र यांच्यामध्ये पसरलेल्या अशाच अरुंद दांड्यावर वसलेले असून, समुद्राकडून लाटा व नदीकडून प्रवाह अशी त्याची दोन्ही बाजूंनी धूप होते.